कपडेपटाची खूण

साठीच्या पुढच्या कुठल्याही नळदुर्गकराला शंभुलिंग कपडेपटवाल्याचं घर विचारा, तो बोट दाखवील आणि वर सांगेल, "जाताना चपला हातात घिऊन जा, न्हायतर तुमच्या हायत्या का म्हणून इचारल."

शंभुलिंग उभ्या आयुष्यात नाटकात एक वाक्य बोलला नाही. पण बोरी नाट्यमंडळाचा राजा राजासारखा दिसायचा तो त्याच्या जिवावर. अंगरखे, शेले, जिरेटोप, दाढ्यामिशा, पत्र्याच्या ढाली हे सगळं त्याच्या हवाली असे. पडदा वर जाण्याआधी तो विंगेत उभा राहून नटाच्या खांद्यावरचा शेला सारखा करायचा आणि पडदा पडला की घाम वाळायच्या आत तो शेला उतरवून घ्यायचा. टाळ्या नटाला, शेला शंभुलिंगाला, असं मंडळीत म्हणत.

संशय हा त्याचा आधी धंदा होता, स्वभाव नंतर झाला. जत्रेत तीन-तीन मंडळ्या एकाच तंबूत तोंडं रंगवायच्या. गॅसबत्तीच्या उजेडात कुणाची मिशी कुणाच्या ओठावर चिकटली याचा पत्ता लागत नसे. म्हणून जुन्या कपडेपटवाल्यांची एक रीत होती. पेटीतल्या प्रत्येक वस्तूला आतल्या बाजूनं एक खूण करायची, आणि ती खूण मंडळाच्या मालकालाही सांगायची नाही. पेटी ज्याच्या हाती सोपवायची त्याच्या कानात तेवढी ती सांगायची. शंभुलिंगाच्या कानात ती आधीच्या कपडेपटवाल्यानं, सोमेशअप्पांनी सांगितली होती, परंड्याच्या जत्रेत, त्यांच्या मरणाच्या आदल्या वर्षी.

त्याच परंड्यात पुढं एकदा दुसऱ्या मंडळीचा प्रधान मोठ्या ऐटीत रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांत बसलेल्या शंभुलिंगाला त्याच्या खांद्यावर आपला शेला दिसला. तो ओरडला नाही. मध्यंतर होऊ दिलं, मग विंगेत जाऊन शेल्याची किनार उलटी केली आणि त्या मंडळीच्या मालकापुढं धरली. मालकानं मुकाट्यानं शेला घडी करून दिला. प्रधानानं उरलेलं नाटक उघड्या खांद्यांनी केलं.

घरोघर टीव्ही आला आणि मंडळ बसलं. नट शेतीला लागले, कुणी हायवेवर धाबा टाकला. पेटी शंभुलिंगाच्या बाजेखाली आली. चौदा वस्तू उरल्या होत्या. दर अमावास्येला तो त्या उन्हात घालायचा, मोजायचा, डांबरगोळ्या बदलायचा आणि कुलूप लावायचा. किल्ली कमरेच्या करदोड्याला. पेटी द्यावी असं मागं कुणी दिसत नव्हतं, त्यामुळं खूणही त्याच्याबरोबरच जाणार होती. हे दुःख त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. दुःखसुद्धा तो कुलपातच ठेवायचा.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळं मधल्या पाच-सहा अमावास्या चुकल्या होत्या. मागच्या श्रावणी अमावास्येला त्यानं पेटी उघडली आणि हात जागच्या जागी थांबला.

अंगरख्याच्या बाह्या मागं दुमडल्या होत्या. शंभुलिंग बाह्या आत घालतो. पन्नास वर्षं आतच घालतो.

त्यानं मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं, चौदाच. काहीही गेलेलं नव्हतं, आणि त्यानं तो जास्तच घाबरला. वस्तू नेणारा चोर समजतो. पेटी उघडून, सगळं हाताळून, काहीही न नेता निघून जाणारा चोर कशासाठी आला होता?

घरात माणसं तीन. तो, बायको इरम्मा आणि नात शिवप्रिया. मुलगा-सून सोलापूरला नोकरीला, आणि शिवप्रिया नळदुर्गच्या कॉलेजात शिकायला आजा-आजीकडं राहिलेली. शंभुलिंगानं पाळत सुरू केली. पोरगी दिवसभर लॅपटॉपपुढं बसते. आपण आत गेलो की पडदा पाडावा तसा लॅपटॉप मिटते. इरम्मा विनाकारण मध्ये येते आणि विचारते, "च्या टाकू का?" पन्नास वर्षांच्या संसारात इरम्मानं त्याला चहाचं कधी विचारलं नव्हतं. नुसता आणून आदळायची.

चार दिवसांनी दुपारी तो मुद्दाम खोकला नाही, काठी टेकवली नाही. अनवाणी आत गेला आणि शिवप्रियाच्या मागं उभा राहिला.

लॅपटॉपवर एक माणूस होता, ठोकळ्यांचा. डोकं ठोकळा, हात ठोकळे, मागची झाडं आणि डोंगरही ठोकळ्यांचे. त्या माणसाच्या अंगावर त्याच्या पेटीतला अंगरखा होता. तोच डाळिंबी रंग, तीच गळ्याची जर, काखेतलं ठिगळसुद्धा तेच.

"ह्यो तुझ्याकडं कुठनं आला?"

शिवप्रिया दचकली. तिचे डोळे लाल होते, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"अज्जा, बसा. सांगते."

"बसत न्हाय. पेटी कुणी उघडली?"

"म्या दिली किल्ली," दारातून इरम्मा म्हणाली. "तुमचं डोळ्याचं आपरेशन झालं तवा करदोडा सोडून माझ्याकडंच दिलता न्हवं? पोरीला फोटू काढायचं हुतं. काढलं, ठिवलं. काय खाल्लं का तिनं?"

"म्हंजी घरातच टोळी हाय."

"व्हय. अन् टोळीचा म्होरक्या रोज दोन भाकरी जास्त खातोय."

शिवप्रियानं मग सगळं सांगितलं. हा ठोकळे रचून जग उभं करायचा खेळ आहे. जगभरातली माणसं तो खेळतात. मूळ खेळात जे नाही ते लोक स्वतः बनवतात आणि वरून जोडतात, त्याला अॅड-ऑन म्हणतात. कुणी नवी जनावरं जोडतं, कुणी हत्यारं, कुणी घर बांधायच्या अवजारांची अख्खी टूलबॉक्स. तिनं सहा महिने खपून नाटकाची टूलबॉक्स केली होती. खेळात ती ठेवली की एक पेटी दिसते. उघडली की आत चौदा वस्तू. शिवाय वर जाणारा पडदा, विंगा आणि गॅसबत्ती. कुणालाही आपल्या ठोकळ्यांच्या गावात रंगमंच उभारता यावा, राजाला राजा करता यावं.

"चौदाच?" शंभुलिंगानं विचारलं.

"चौदाच. प्रत्येक वस्तूचा आतून-बाहेरून फोटो घेऊन तशीच्या तशी काढली. पेटीत वस्तू उलटी करूनही बघता येते."

"आन मला इचारलं का न्हाय?"

"तुम्ही हो म्हणला असता?"

शंभुलिंग बाजेवर बसला.

खरी गोष्ट पुढंच होती. ही टूलबॉक्स सगळ्यांसाठी खुली करण्याआधी शिवप्रियानं ओळखीच्या आठ-दहा खेळाडूंना तपासायला दिली होती. त्यांतल्या एकानं, ज्याचं खरं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं, ती स्वतःच्या नावानं आधीच चढवली. आणि तिनं आपली चढवल्यावर त्यानंच तक्रार केली की या मुलीनं माझी चोरली. ज्या संकेतस्थळावर हे अॅड-ऑन ठेवतात त्यांनी तिला कळवलं होतं: पाच दिवसांत तुमचं म्हणणं सिद्ध करा, नाहीतर तुमचं काम काढू आणि तुमचं खातं कायमचं बंद करू. तिची मूळ चित्रं आणि फोटो ज्या हार्डडिस्कवर होते ती मे महिन्यातच जळाली होती. पाचातले दोन दिवस गेले होते.

"तो म्हणतो, हे कपडे मी मनानं काढले," शिवप्रिया म्हणाली. "माझं काम मलाच चोरीचं म्हणतेत, अज्जा."

शंभुलिंग तिच्याकडं बघत होता, पण त्याच्या मनात संशयाची सुई थांबली नव्हती. ही सांगते ते खरं कशावरून? नाटकवाल्यांच्या घरातली पोर. रडणं काय अवघड आहे?

"उलटा कर," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"त्यो अंगरखा. किनार उलटी कर."

तिनं केली. आतल्या बाजूला, डाव्या टोकाला, चार बारीक ठिपके होते. तीन लाल, एक हिरवा.

सोमेशअप्पांनी कानात सांगितलेली गोष्ट भर दुपारी उजेडात झळकत होती. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फोटोत होतं तसं काढलं. डाग आहे का रफू, मला कळलं नाही. काढून टाकणार होते, मग म्हटलं असू दे."

"आन त्या दुसऱ्याच्यात?"

तिनं दुसरी पेटी उघडली. रंग बदलला होता, अंगरखा निळा झाला होता. किनारीत मात्र चार ठिपके तसेच. शंभुलिंगानं दोन्ही पेट्यांतल्या चौदाच्या चौदा वस्तू एकेक करत उलट्या करायला लावल्या. जिरेटोपाशी आल्यावर तो पुढं वाकला. शिवप्रियाच्या जिरेटोपात तीनच ठिपके होते, तिन्ही लाल. चोराच्याही जिरेटोपात तीनच.

तो उठला आणि बाहेर गेला.

त्याच्यापुढचा पेच सरळ होता. खूण दाखवली की पोरीचं काम वाचतं. पण दाखवलेली खूण ही खूण राहत नाही. मालकाला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही, आणि आता जगाला सांगायची? दुसऱ्या दिवशी तो किल्ल्याच्या भिंतीकडं फिरून आला, पारावर बसला, घरी येऊन जेवला नाही. संध्याकाळ झाली. मुदतीचा एकच दिवस उरला.

इरम्मानं चहा आणून आदळला. "ती पेटी कुणासाठी राखून ठिवलीय? मंडळ न्हाय, नट न्हाय. चोर तरी कुठं हायत आता? एक आला त्यो पोरीच्या वाट्याला. तेवढा धरा की."

सकाळी शंभुलिंगानं दाढी केली. धुतलेलं धोतर नेसला. अंगणात उन्हात बाज टाकायला लावली, पेटी वर ठेवली, उदबत्ती ओवाळली, कारण उदबत्तीशिवाय ती कधी उघडलेली नव्हती. "घे तुझा फोन," तो शिवप्रियाला म्हणाला. "आन मला मधी थांबवू नको."

विंगेत उभा राहून आयुष्य काढलेला माणूस पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पडद्यापुढं आला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मंडळाचं नाव सांगितलं. मग एकेक वस्तू उचलून तिची किनार, अस्तर, ढालीच्या मुठीचं कापड उलटं करून दाखवलं. तीन लाल टाके, एक हिरवा.

जिरेटोप त्यानं शेवटी घेतला. "ह्यात हिरवा टाका न्हाय. परंड्याच्या जत्रेत ह्याला टाके घालताना हिरवा दोरा संपला. म्हटलं उद्या घालू. दुसऱ्या दिवशी सोमेशअप्पा आजारी पडले, पुढल्या साली गेले, आन मग त्यांच्या हयातीत संपलेला दोरा आपण नंतर कशाला घालायचा म्हणून तसाच ठिवला. ज्यानं मनानं टोप काढला म्हणतोय, त्याला इचारा हिरवा ठिपका हितंच का न्हाय."

शिवप्रियानं खाली इंग्रजीत अर्थ लिहून ते सगळं पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या माणसाला विचारलं होतं, चार ठिपके कशाचे आणि जिरेटोपात तीनच का. त्यानं लिहिलं, नक्षी आहे. त्याची पेटी काढून टाकण्यात आली. शिवप्रियाचं खातं, काम, नाव जागेवर राहिलं. वर एक ओळ होती, आजोबांना नमस्कार सांगा. शंभुलिंगानं ती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "ह्ये लिवणारा कोण? त्याला काय पायजे?"

इरम्मानं कपाळाला हात लावला.

पुढच्या अमावास्येला त्यानं पेटी उन्हात घातली, मोजली, आणि एक गोष्ट नवीन केली. कातरी घेऊन जुन्या खुणा उसवल्या. तीन लाल, एक हिरवा, तेरा वेळा. जिरेटोपाशी जरा थांबला, मग तिथलेही तिन्ही उसवले. दोऱ्याचे तुकडे त्यानं मुठीत धरले. ते टाकायचे कुठं हे त्याला सुचेना, म्हणून बंडीच्या खिशात ठेवले.

मग करदोड्याची किल्ली सोडून शिवप्रियाच्या हातात दिली.

"नवी खूण घाल."

"कसली घालू, अज्जा?"

"त्ये तुझं तू ठरीव. आन मला सांगू नको."

"तुम्हालाबी नको?"

"पेटी आता माझी हाय का?"

दोन दिवस शिवप्रिया दार लावून सुईदोरा घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर शंभुलिंगानं इरम्माला पिठाच्या गिरणीला धाडलं. किल्ली शिवप्रियानं देवाच्या कोनाड्यात ठेवली होती. ही काय ठेवायची जागा झाली, असं पुटपुटत त्यानं ती घेतली आणि चष्मा लावून पेटीपुढं बसला. किनारी बघितल्या, गळे बघितले, काखा बघितल्या, ढालीची मूठ फिरवून बघितली, दाढी उजेडाला धरली. बाह्या आत घातलेल्या होत्या. खूण कुठंच सापडली नाही.

त्यानं झाकण लावलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ समाधान वाटलं. पोरगी तयार झाली होती.

किल्ली कोनाड्यात ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. घातलीच नसली तर?

तो परत आला, पेटी उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.