सुनेची कावीळ

मेंढी गाभण राहिली की मला महिन्याच्या आत कळायचं. मेंढा जवळ येतो, वास घेतो आणि तोंड फिरवून निघून जातो. तिथंच समजायचं. त्याला शाळा लागत नव्हती. मी तर ती चौथीतच सोडली. पण घरातल्या बाईला दिवस गेलेत हे मला उभ्या जन्मात आपलं आपण कधी कळलं नाही. बायका सांगायच्या तेव्हा कळायचं, तेही पोट दिसायला लागल्यावर. जनावराची एवढी पारख आणि माणसाची काहीच नाही, याचा मला आता राग येतो. स्वतःचा येतो, गावातल्या एकूणएक गड्यांचा येतो, आणि तोंड शिवून बसणाऱ्या बायकांचाही येतो.

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरात मी आणि सून. मुलगा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या शेतपूजेला येतो, तुरीची रास होईपर्यंत तीन-चार आठवडे थांबतो आणि परत जातो. सासरा आणि सून, दोघंच घरात, म्हणजे बोलणं ते किती? ‘मामा, भाकरी झाली.’ ‘व्हय.’ ‘मामा, लाईट गेली.’ ‘व्हय.’ संपलं.

बायको होती तोवर सुनेच्या अडचणीचे चार दिवस तिच्या ध्यानात असायचे. त्या दिवसांत सून देवाकडं जायची नाही, बायको दिवा लावायची. बायको गेली आणि तो दिवा माझ्या अंगावर आला. कुणी काही सांगितलं नाही. सुनेची वाकळ पडवीच्या कोपऱ्यात दिसली की मी समजायचो, आता चार दिवस दिवा माझा. स्वयंपाक तीच करायची, दुसरं कोण करणार? देवाला मात्र शिवायची नाही.

या साली ऐन येळवशीला तिची वाकळ पडवीत आली. शेतातल्या पूजेला ती बाभळीखाली लांब बसली, सगळ्या भाज्यांची भज्जी शेजारच्या अक्कानं केली, आंबील मी शिंपडली. पुढची अमावस्या आली आणि गेली. त्याच्यावर आणखी दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी सुनेनं दिवा लावला, पाठ वळवली आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. येळवशीच्या त्या चार दिवसांनंतर मी दिव्याला हात लावला नव्हता.

मग एकेक दिसायला लागलं. लसणाच्या फोडणीला ती नाकाला पदर लावत होती. दुपारी तुरी पाखडता पाखडता बसल्या जागी डुलक्या देत होती. रात्रीतनं दोनदा-तीनदा कडी वाजायची, लघवीला उठायची. औताच्या बैलासारखं काम करणारी पोर घागर उचलायच्या आधी तिच्याकडं बघत उभी राहायची.

हेच सगळं अक्कालाही दिसत होतं. अक्का म्हणजे शेजारची म्हातारी, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. माझी बायको गेल्यापासून आमच्या घरावर तिचं राज्य.

“अण्णा, पोरीला कावीळ झालीय,” ती भिंतीवरनं म्हणाली. “अन्न जाईना, ओकायलीय, लघवी पिवळी. डोळे बघा की तिचे.”

“डोळे पांढरे हायत.”

“तुमाला काय दिसतंय? मोतीबिंदू पिकून पडायलाय. ऐतवारी पलीकडच्या गावाला घेऊन जाते. तिथला म्हातारा मुळी उगाळून दुधात देतोय, उपाशी पोटी. सात-आठ जुलाब झाले की कावीळ खाली.”

“अक्का, तिला दुसरंच काय असलं तर?”

“मी इचारलं की! अडचण येती का म्हणलं. व्हय म्हणली. आता तुमी मला बायकांचं शिकवू नका.”

सून खोटं बोलली होती. का, ते मला नंतर कळलं. तीन वर्षांमागं तिला पाळी चुकली तेव्हा तिनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या बायकोनं गल्लीभर साखर वाटली. पुढच्या महिन्यात सगळं वाहून गेलं. मग साखर खाल्लेल्या त्याच तोंडांनी बोलायला सुरुवात केली. कुठं पाय पडला, कुणाची नजर लागली, अंगातच दोष हाय. तिच्या आईनं तिला शपथ घातली, तिसरा संपेपर्यंत जीभ उचलायची नाही. आणि ही खुळी पोर ती शपथ पाळत होती. दिवस गेलेत हे सासऱ्यासमोर, अक्कासमोर म्हणण्यापेक्षा ती जुलाबाचं औषध प्यायला तयार होती. आमच्यात लाज अशी असते. जीव गेला तरी चालेल, शब्द तोंडाबाहेर जाता कामा नये.

मी मुलाला फोन लावला.

“अप्पा, असलं कामून बोलायलाव तुमी?” तो म्हणाला. “मी इचारलं तिला. काय न्हाई म्हणली. बायकांचं बायका बघून घेतील.”

“कुठल्या बायका रे? घरात बाई हाय का? हुती ती तुझी माय, तिला आपण मातीत ठेवून आलाव.”

त्यानं फोन ठेवला. ठेवू दे. गुरुवारी सकाळी मी भालकीची बस धरली.

मेडिकलच्या काउंटरवर एक पोरगी होती, नातीच्या वयाची. दुकानात चार गिऱ्हाइकं. मी म्हणालो, “ती लघवीत बघायची पट्टी दे.”

“साखरेची का, अप्पा?”

“साखरेची न्हाई. ती... बायकांची.”

मागं एकजण खुसकन हसला. “अप्पा, ह्या वयात?”

“तुझ्या बापाला इचार जा,” मी म्हणालो. पोरीनं दोन पुड्या कागदात गुंडाळून दिल्या आणि काहीतरी सांगायला लागली. मी ऐकायला थांबलो नाही. चोरी केल्यासारखा बाहेर पडलो. साठ वर्षं मी भर चौकात मेंढ्यांच्या आचळांवर बोललो असेन, आणि एका कागदाच्या पुडीला घाबरून पळालो.

घरी आलो. सून तुरी पाखडत होती. मी तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यात उभा राहिलो आणि पुड्या मागं धरल्या.

“येळवशीपासून तुझी वाकळ पडवीत आली न्हाई,” मी म्हणालो. “मी आंधळा न्हाई. हे घे.”

सुपाचा आवाज थांबला. मग हातातल्या पुड्या गेल्या.

दुपारी तिनं बघितलं. एक रेघ आली. एकच. पुडीवरचं सगळं इंग्रजीत होतं, पण एका रेघेचं आणि दोन रेघांचं चित्र होतं, तेवढं दोघांनाही कळलं. सुनेचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. ती आतापर्यंत मनाशी पक्की होती, आता तिचा स्वतःवरचाच भरवसा गेला. “गेलं असंल मामा,” एवढंच बोलली. ना रक्त गेलं होतं ना पोट दुखत होतं, पण एकदा गमावलेल्या बाईला असंच वाटणार. संध्याकाळी अक्कानं ऐतवारची रिक्षा ठरवली, आणि सुनेनं मान हलवली.

मी शेतात जाऊन बसलो. बायकोवर इतका संतापलो की मोठ्यानं शिव्या दिल्या.

तिचे शेवटचे आठ दिवस गुलबर्ग्याच्या दवाखान्यात गेले. एका सकाळी ती छताकडं बघत म्हणाली, “आपण मेंढरं घेऊन भीमेकडं उतरलाव, ते पयलं साल. मला दोन महिने झाले व्हते. तुमी माज्या डोक्यावर घोंगड्यांचं गठुडं दिलाव, वर दोन कोकरं. बिऱ्हाडावर पोचलाव अन्‌ मला रक्त जायला लागलं.”

मला ते आठवत होतं. ती दोन दिवस पालात पडून होती. उन्हानं झालं, असं मी धरून चाललो होतो. मी तिला म्हणालो होतो, “उठ, मेंढरं कोण बघणार?”

“मग तवा सांगितलं कामून न्हाईस?” मी दवाखान्यात ओरडलो. बाजूच्या खाटेवरची माणसं बघायला लागली.

“सासूबाई म्हणल्या व्हत्या, तिसऱ्याच्या आत गड्याला सांगू न्हाई.”

गड्याला सांगू न्हाई! ज्याचं लेकरू त्यालाच सांगायचं नाही, आणि ओझं मात्र त्यानंच द्यायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती हे पोटात घेऊन माझ्यासाठी भाकरी थापत होती. आणि सांगितलं कधी, तर मला काहीच करता येणार नव्हतं तेव्हा. ओझ्यानंच गेलं का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतील, असं पुष्कळदा आपलं आपण होतं. म्हणू देत. ‘उठ’ म्हणालो तो मीच ना?

शनिवारी मी परत भालकीला गेलो. या बारीला दुकान भरलेलं होतं आणि मला कुणाच्या बापाची पर्वा नव्हती.

“पोरी, एक रेघ आली. पट्टी खराब दिलीस का?”

“कधी बघितलं?”

“दुपारी.”

“त्याच्या आधी पाणी किती प्यायल्या?”

“कावीळ म्हणून दोन दिवस उसाचा रस अन्‌ पाणीच प्यायलीय.”

पोरगीनं कपाळाला हात लावला. “अप्पा, त्यादिवशी मी हेच सांगायले व्हते, तुमी पळालाव! सकाळी उठल्या उठल्याची पयली लघवी घ्यायची. पाणी पिऊन पातळ झाल्यावर खरं दिसत न्हाई. पाळीची तारीख जाऊन आठ दिवस झाले की बघायचं. फिक्की असली तरी दुसरी रेघ ती रेघ. पुन्हा एकच आली तर तीन-चार दिवस थांबून परत बघा. अन्‌ पोटात एका बाजूला कळ आली, रक्त गेलं, चक्कर आली, तर थांबू नका, सरळ दवाखाना. काविळीची शंका असंल तर रक्त तपासा. मुळी-बिळी पाजू नका.”

मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी तिच्याकडनं सगळं दोनदा म्हणवून घेतलं. जे हसले त्यांच्याकडं बघून म्हणालो, “ऐका, तुमाला बी बायका हायत.” कुणी हसलं नाही मग.

रात्री जेवताना सुनेला सगळं सांगितलं, या वेळी तोंडाकडं बघून. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पुन्हा एकच आली तर?”

“तर बुधवारी परत बघू. पण त्या म्हाताऱ्याचं दूध तू पिणार न्हाईस. मी रिक्षापुढं आडवा पडंन.”

ऐतवारी तांबडं फुटायला ती मोरीत गेली. मी अंगणात उभा. बशीत पट्टी ठेवून ती बाहेर आली आणि बशी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मी डोळे बारीक केले, मोतीबिंदूला शिव्या घातल्या. एक रेघ लाल होती. तिच्या शेजारी दुसरी, धुतलेल्या कुंकवासारखी. पण होती.

“मामा, दोन हायत ना?” ती विचारत होती. “मला एकटीलाच दिसायल्यात का?”

“दोन हायत.”

तेवढ्यात रिक्षाचा भोंगा वाजला आणि भिंतीवर अक्का उगवली. “चल ग पोरी, उपाशी हाईस ना?”

मी घसा साफ केला. पण सूनच बोलली, आणि तिचा एवढा मोठा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता.

“अक्का, औषधाला येत न्हाई मी. मला दिवस गेलेत.”

“अगं हळू!” अक्कानं तोंडावर पदर दाबला. “आता कुठं दुसरा म्हयना लागतोय, तर गल्लीत वरडायलीस? दृष्ट लागंल!”

“लागू दे. मागच्या टायमाला दवाखान्यात गेलेच न्हाई मी. आज जायचंय.”

रिक्षावाला म्हणाला, “मग मी कुणीकडं वळवू?”

“सरकारी दवाखान्याकडं,” सून म्हणाली आणि आत जाऊन चप्पल घालून आली.

मी अक्काला चार शब्द ऐकवणार होतो. तिनं तेवढी संधी दिली नाही. बडबडत, माझ्या अकलेचा उद्धार करत ती भिंतीला वळसा घालून आली आणि सुनेच्या बाजूला बसली. मी ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर. रस्ता असला खड्ड्यांचा की मी दर खड्ड्याला त्याला म्हणत होतो, “हळू, हळू की लेका.” मागं अक्का विचारत होती, मळमळ सकाळीच होती का दिवसभर, आंबट खावं वाटतंय का. आणि सून सांगत होती. मी पुढं बसलोय हे दोघींनाही माहीत होतं.