प्रगतिपत्रकात बोलणारी मुलगी

“म्याडम, ही पोरगी वर्गात मोकळेपणानं बोलते, असं लिहिलंय इथं. मग स्वमग्न कशी?”

साहेबांनी फाइल माझ्याकडं सरकवली. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात मी तासभर ताटकळले होते. फाइल राजनंदिनीची होती. वय आठ, इयत्ता तिसरी.

मी विशेष शिक्षिका. तेर गावाच्या आसपासच्या शाळा स्कूटीवर फिरायच्या, ज्या लेकरांना शिकताना वेगळी मदत लागते ती शोधायची, त्यांच्यासाठी मागणी करायची, आणि मंजूर झाली तर शिकवायचं. खरं सांगायचं तर शिकवण्यापेक्षा कागदच जास्त. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. ते वेड नव्हे आणि लाडानं बिघडणंही नव्हे. अशा मुलांना आवाज, गर्दी, उजेड आपल्यापेक्षा वेगळा जाणवतो. बोलणं, मिसळणं अवघड जातं. राजनंदिनी एक शब्द बोलत नव्हती. शाळेची घंटा झाली की दोन्ही कान दाबून दप्तरांच्या ढिगामागं जाऊन बसायची.

मागणी साधी होती. आठवड्यातून दोन दिवस मी, वर्गात एक शांत कोपरा आणि रोजची एक मदतनीस बाई. हे मिळालं नाही तर तिला ‘गृहाधारित’ करणार होते. म्हणजे नाव पटावर आणि पोरगी घरात.

“साहेब, जिल्हा रुग्णालयाचं सर्टिफिकेट जोडलंय.”

“जोडलंय की. पण डॉक्टर एक म्हणतोय, मास्तर दुसरं म्हणतोय. उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?”

मला राग आला होता. पण माणूस बरोबर बोलत होता, त्यामुळं तो गिळावा लागला.

तशीच वस्तीवरच्या शाळेत गेले. दोन शिक्षकांची शाळा. राजनंदिनीचे गवळी सर पोरांना पाढे म्हणायला लावून बाहेर आले. मी प्रगतिपत्रकाची झेरॉक्स त्यांच्यापुढं धरली. “सर, ‘वर्गात मोकळेपणाने बोलते. मैत्रिणींना गोष्टी सांगते.’ ही कोण पोरगी?”

 सर आत जाऊन कपाटातून एक पुस्तक घेऊन आले. दर सत्रात प्रत्येक मुलाबद्दल दोन-चार वाक्यं लिहायची असतात, त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. त्या वाक्यांची तयार पुस्तकं बाजारात मिळतात. बघायचं आणि उतरवायचं. निम्म्या शाळांत हेच चालतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही उतरवलंय, खोटं कशाला बोलू?

“त्यात ‘सुधारणा आवश्यक’ असंही पान असतं, सर.”

“ते पान म्या कधी उघडलंच न्हाय, म्याडम. लेकराचं वाईट कशाला लिहायचं? घरी आईबाप वाचत्यात.”

उपाय एकच होता. सरांनी स्वतः पाहिलेलं लिहायचं, आधीच्या नोंदी पोरीला पाहून लिहिलेल्या नव्हत्या हे मान्य करायचं, आणि खाली पालकाची सही.

“म्हणजे माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा.”

“न्हाय तर तो तिच्या पायावर पडतोय.”

सरांनी मानेवरून हात फिरवला. “लिहितो. नोटीस आली तर जवाब देऊ.”

दुसऱ्या दिवशी सहीला राजनंदिनीची आई आली. मीरा तिचं नाव. रानातून थेट आली होती, डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. हातातल्या पिशवीत तिन्ही वर्षांची प्रगतिपत्रकं, घडीसुद्धा न मोडता ठेवलेली. मी काही सांगायच्या आत तीच बोलली.

“लई दिवस झालं इचारायचं होतं, म्याडम. घरी ही एक शबूद बोलत न्हाय, आन् इथं मोकळी बोलती. मग घरी आमचं काय चुकतंय?”

मी तिला बसायला सांगितलं, पण ती उभ्यानंच बोलत राहिली.

“मधल्या सुट्टीत म्या चार येळा येऊन भिंतीमागं हुबी राह्यले. नुसता आवाज ऐकावा म्हणून. मला बघून गप होत आसंल म्हणून दिसूबी दिलं न्हाय. पर माझी येळच चुकत आसंल.”

स्वमग्नता म्हणजे काय, हे मी कितीतरी आईबापांना सांगितलंय. त्याची सवय झालीय. हे मात्र तसलं नव्हतं. तीन वर्षं ही बाई त्या एका ओळीवर जगत होती. मला वाटलं, मरू दे ती फाइल, बाईला एवढं तरी राहू दे. पण आत दप्तरांमागं पोरगी बसलेली दिसत होती.

मी तोंड उघडायच्या आधी गवळी सरच बोलले. “ताई, ती इथंबी बोलत न्हाय. म्या पुस्तकातून उतरवलं. चूक माझीय.”

“एकदाबी न्हाय?”

“न्हाय.”

तिनं पत्रकांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हंजे घरी आमचं काय चुकत नव्हतं.” एवढं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. रडून झाल्यावर विचारलं, “कुठं सही करू?”

सरांनी लिहिलेलं पान साहेबांनी दोनदा वाचलं. ‘बोलत नाही. घंटा झाली की कान झाकते. चिंचोक्यांची सरळ ओळ लावते, कुणी मोडली तर रडते. नळाजवळ तासभर रमते.’ साहेबांनी सही केली. सरांना नोटीस आली, त्यांनी जवाब दिला, प्रकरण समज देऊन मिटलं. मदतनीस बाई यायला मात्र दोन महिने लागले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, त्या मानानं लवकरच.

आता मी सोमवारी आणि गुरुवारी जाते. जे हवं त्याचं चित्रकार्ड राजनंदिनी उचलून देते. पाणी, बाहेर, बास, एवढी तीन कार्डं तिला येतात. मीरानं विचारलं, “त्यात आईचं न्हाय का ओ?” मी तिथंच तिचा फोटो काढला आणि लॅमिनेट करून कार्ड केलं. पाण्याच्या कार्डाचे कोपरे झिजलेत. आईचं कार्ड अजून कोरं करकरीत आहे.

दर गुरुवारी दुपारी मीराचा फोन येतो. “उचललं का आज?”

“न्हाय, ताई.”

“बरं. सोमवारी इचारते.”

सोमवारीही ती विचारते. ‘हो’ म्हणायला माझी जीभ कितीदा वळवळते, ते माझं मला ठाऊक. नवीन शिक्षकांच्या ट्रेनिंगला मी एकच सांगते: नोंद लेकराला पाहून लिहा. चांगलं लिहायचा लईच मोह झाला तर पेन खाली ठेवा, कारण तुम्ही विसरून गेलेली ती ओळ घरी कुणीतरी रोज काढून वाचत असतं.