गुंडप्पाला जागा मिळाली, महानंदाला नाही

फोन शिवराजचा होता. मी कलबुर्गीत, शाळेतून नुकतीच घरी आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. "शोभाक्का..." म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "अक्का गेली. सकाळपासून छाती लई भरली होती. हुमनाबादला नेईस्तोर..." महानंदा त्याची थोरली बहीण, आणि राजेश्वर गावच्या शाळेतली माझी पहिलीपासूनची मैत्रीण. मी तिथंच जमिनीवर बसले. रडले. पण संध्याकाळी फोनवर निरोप यायला लागले आणि रडणं आपोआप थांबलं. 'सोशिक', 'समाधानी', 'व्हीलचेअरवर बसून हसतमुखानं जग पाहणारी'... एकानं तर तिच्याऐवजी गुंडप्पाचाच फोटो टाकला होता. काही आठवडे उलटलेत, तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

गुंडप्पा म्हणजे कापडी अस्वल. तपकिरी, पोट सुटलेलं, एक कान शिवलेला. तिच्या अप्पांनी बीदरच्या बाजारातून आणलेलं. महानंदाचे पाय लहानपणीच स्नायूंच्या आजारानं हळूहळू गेले. तिसरीत ती भिंतीला धरून चालायची, पाचवीत अप्पा तिला सायकलवरून शाळेत आणायचे, सातवीनंतर आणणं थांबलं, कारण नवी शाळा वरच्या मजल्यावर होती. शाळा खाली आणावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. उरलेलं ती घरी बसून शिकली, बाहेरून परीक्षा दिल्या, आणि पुढं त्याच घराच्या ओसरीवर गावातल्या पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही शिकवू लागली. तिच्या आवाजाला पोरं टरकायची. अशा बाईला सोशिक म्हणतात!

गुंडप्पाला हिंडवायची कल्पना शिवराजची. लग्नानंतर तो बायकोला घेऊन गोव्याला निघाला तेव्हा म्हणाला, "अक्का, तुला न्हाई जमत, तर गुंडप्पाला नेतो." समुद्राकाठी वाळूत बसवलेल्या अस्वलाचा फोटो आला. घरादाराला फार गोड वाटलं. मग रिवाजच पडला. कुणी तिरुपतीला निघो, म्हैसूरला निघो, पिशवीत गुंडप्पा. आलेले फोटो पाव्हणेरावळे तिच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ, तूच हिंडून आल्यागत झालं की न्हाई?" ती मान डोलवायची. एकदा लोक गेल्यावर मला म्हणाली, "शोभा, ह्यास्नी भाकरीचा फोटो दाखव, आन् पोट भरलं का म्हणून विचार."

पुढं शिवराजची मुलगी पल्लवी सहावीत गेली. तिनं हैदराबादजवळच्या मोठ्या खेळबागेचा हट्ट धरला. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बागेभोवती फिरणारी छोटी आगगाडी. गाडी ठरली, मलाही बोलावलं. आदल्या दिवशी पल्लवी गुंडप्पाला पिशवीत घालायला लागली, तशी महानंदा म्हणाली, "ह्या खेपेला मी बी येते."

शिवराज गडबडला. "अक्का, तितं तुला काय करता येणार हाय?"

"गुंडप्पाला काय करता येत होतं?"

ती आली. मन्नाएखेळ्ळी गाव मागं पडेपर्यंत ती काचेला नाक लावून बाहेरच्या ढाब्यान् ढाब्याची पाटी वाचत होती.

बागेत तिचं तिकीट आमच्याइतकंच पुरं घेतलं, तेव्हा कुणी अडवलं नाही. उंचावरून उलटं करणाऱ्या पाळण्यापाशी अडवलं, ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं. "बरोबर हाय, माझी मान तेवढी घट न्हाई." पाण्याकडे ती स्वतःहून गेली नाही. पण मग आम्ही आगगाडीपाशी आलो. बैलगाडी बरी, इतकी ती गाडी हळू. आज्या बसल्या होत्या, मांडीवरची बाळं बसली होती. फाटकावरच्या माणसानं व्हीलचेअर पाहिली आणि हात आडवा केला. "नहीं अम्मा, रूल है." मी विचारलं, कसला नियम, कुठं लिहिलाय? त्यानं खांदे उडवले. मग माणसं नाराज झालेली बघून त्याला एक युक्ती सुचली. पल्लवीच्या हातातला गुंडप्पा त्यानं घेतला, पहिल्या डब्यातल्या बाकावर बसवला, त्याच्या पोटावरून पट्टा लावला आणि हसून म्हणाला, "लो, इसका फोटो ले लो!"

रांगेतले लोक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

महानंदानं खुर्ची पुढं घेतली, बरोबर फाटकात उभी केली आणि चाकाला ब्रेक लावला. "इसकू बिठाया ना? इसके पाँव चलते क्या?" तिच्या ओसरीवरची पोरं ज्या आवाजानं पाटीत तोंड घालायची, तो आवाज. माणूस मागं सरला. गाडी सुटेना, रांग वाढायला लागली. मागून कुणी म्हणालं, असल्यांना आणतात कशाला. एक बाई "बेचारी" म्हणाल्या, तर हिनं मान वळवून विचारलं, "बेचारी किसकू बोले?" बाई दुसरीकडे बघायला लागल्या.

शिवराजचा चेहरा उतरला होता. खाली वाकून तो कुजबुजला, "अक्का, चल की... लोकं बघायलेत."

"बघू दे. इतकी वर्षं मी फोटो बघितले. आता त्यास्नी मला बघू दे."

मग टाय लावलेला एक साहेब आला. फार गोड बोलला. हे सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, म्हणाला. "माझ्या का तुमच्या?" तिनं विचारलं. त्यानं मागं खूण केली, आणि दुकानातून एक भलंमोठं गुलाबी अस्वल आलं. ते त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं. "मॅडम, आमच्याकडून भेट. आता रस्ता मोकळा करा, प्लीज."

आजही ते गुलाबी अस्वल आठवलं की माझं डोकं सणकतं. बाईनं जागा मागितली आणि तिला खेळणं दिलं... बायामाणसांना, अपंगांना, लहानांना, सगळ्यांना असंच तर देत आलेत.

त्या क्षणी शिवराजला काय झालं ठाऊक नाही. घटकेपूर्वी लाजेनं मान खाली घातलेला तो, त्यानं ते अस्वल उचलून साहेबाच्या हातात कोंबलं. "हे तुमी खेळा." अक्काला दोन्ही हातांवर उचललं, फाटकातून आत गेला, तिला बाकाच्या कडेला टेकवलं, गुंडप्पाचा पट्टा सोडून त्याला पल्लवीकडे फेकलं आणि त्या जागी अक्काला बसवलं. स्वतः तिला धरून शेजारी बसला. "चालवा आता." साहेब काहीतरी बोलत राहिला, पण रांगेतल्या लोकांनाच आता घाई झाली होती. तेही "चलाओ, चलाओ" म्हणायला लागले. गाडी सुटली.

मी बाहेरून पाहत होते. वळणावर गाडी आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले, पदर तोंडात धरलेला. उतरल्यावर म्हणाली, "लई हळू हाय गं. एवढ्यासाठी भांडले व्हय मी?" आणि अशी हसली, की शिवराजलाही रडता रडता हसू आलं.

त्यानंतर गुंडप्पा एकटा कुठं गेला नाही. जायची ती जायची. बीदरच्या किल्ल्यात गेली, बसवकल्याणला गेली, आणि जिथं जिथं पायऱ्या आडव्या आल्या तिथं तिथं भांडली. बँकेत भांडली, दवाखान्यात भांडली. कुठं फळी टाकली गेली, कुठं नुसतं "बघू" म्हणाले. भांडून घरी आली की दमलेली असायची, चिडलेली असायची, कधी जेवायची नाही. समाधानी? ते समाधान तिच्या तोंडावर मी तरी पाहिलं नाही. मला ती तशीच आवडायची.

मातीच्या वेळी एक लांबचे काका गुंडप्पाला घेऊन पुढं आले. तिचं लाडकं होतं, संगं ठेवा, म्हणाले. शिवराजनं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. "न्हाई. तिच्याऐवजी लई हिंडला त्यो. आता तरी तिला तिचं तिला जाऊ द्या."

आठवड्यानं गावच्या मंगल कार्यालयात शोकसभा झाली. हार, फोटो, माइक. एकामागून एक उठत होते आणि तिचा सोशिकपणा सांगत होते. माझी पाळी आली. ठरवलेलं काही आठवेना. दारातून दिसणाऱ्या त्या उंच पायऱ्यांकडे बोट करून मी एवढंच म्हणाले, "महानंदा आज जिवंत असती, तर ह्या सभेला तिला आत येता आलं नसतं." आणि खाली बसले. सभा लवकर संपली.

बाहेर शिवराजनं कार्यालयाच्या मालकांना गाठलं. पल्लवी, आता कॉलेजात जाते, ती शेजारी उभी होती. "हितं खुर्चीसाठी उतार करा. पुढंमागं पल्लवीचं लग्न ह्याच गावात व्हायचंय."

"करू की," मालक म्हणाले. "बघू."

परवा मी राजेश्वरला गेले होते. पायऱ्या तशाच आहेत. वरून नव्यानं रंग दिलाय. पल्लवी, शिवराज आणि मी पुन्हा मालकांच्या दारात गेलो, तर ते बाहेर गेल्याचं त्यांच्या बायकोनं सांगितलं. "मग बसतो आम्ही," पल्लवी म्हणाली, आणि तिथंच ओट्यावर मांडी घालून बसली.