आप्पांच्या रिमोटची बॅटरी

मानवतला मोंढ्याकडून बसस्टँडकडे येताना डाव्या हाताला वह्या-पुस्तकांचं एक अरुंद दुकान लागतं. ते शिवप्रकाशआप्पांचं. वय चौपन्न, कपाळाला विभूती, बोलणं कमी. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला आणि मग तो हात उचलेचना. लकवा. परभणीला अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा पाय चालत होता, जीभही बरीचशी वळत होती; पण उजव्या हाताची बोटं लाकडासारखी झाली होती.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आप्पांना दोन दिवसांत त्याचा वीट आला. मग पुण्याहून त्यांचा इंजिनिअर भाचा महारुद्र भेटायला आला, तो स्वतः कॉलेजात असताना वापरलेलं थर्माकोलचं विमान आणि त्याचा रिमोट घेऊनच. "मामा, ह्या दोन दांड्या अंगठ्यानं हलवायच्या. एवढंच काम."

पहिले चार महिने विमान उडालं कमी आणि पडलं जास्त. गावाबाहेर धाकट्या भावाच्या, बसवराजच्या, पडीक माळावर ते नाकावर आपटायचं. आप्पा चिकटपट्टी लावायचे, पुन्हा उडवायचे. गुरं राखणारे हसायचे. पण अंगठा हलायला लागला, मग तर्जनी. एका रविवारी विमान बाभळीला वळसा घालून परत आलं, आणि त्याच आठवड्यात आप्पांनी वर्षभरानं पहिल्यांदा स्वतःची सही केली. वाकडी होती, पण त्यांचीच होती.

तेव्हापासून रविवार सकाळ माळावर जायची. शनिवारी संध्याकाळी बॅटरी चार्ज करायची, रिमोट सुरू करून दांड्या नीट हलतात का ते बघायचं, बंद करून कपाटात ठेवायचा आणि सकाळी निघायचं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

यंदा दिवाळीनंतर मात्र रिमोट सकाळी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो कसाबसा सुरू झाला, आणि विमान हवेत असताना रिमोटचा पडदा विझला. विमान थेट खाली आलं आणि एक पंख मोडला.

बसवराज सोबत होता. तो सहज म्हणाला, "दादा, बंद करायचं विसरायलाव तुमी."

आप्पांनी मोडलेला पंख उचलून घेतला. पण ते वाक्य त्यांच्या आत जाऊन बसलं. लकवा झालेल्या माणसाची आठवण पुढे दगा देऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच महिन्यात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि आंघोळीला निघून गेले होते. भांडं करपलं. आता रिमोट. आप्पा घरी आले, मोडलेलं विमान पलंगाखाली सारलं आणि बायकोला, वैजयंतीबाईंना म्हणाले, "उद्यापासून दुकानात तू पण बसत जा. माझ्या डोक्याचं काई खरं न्हाई."

पुढचे दोन रविवार ते घराबाहेर पडले नाहीत. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायचे. कुणी नाव विचारलं तर मनात आधी घोकून मग सांगायचे.

वैजयंतीबाई दोन आठवडे हे बघत राहिल्या. तिसऱ्या शनिवारी त्यांनी रिमोट काढून नवऱ्यासमोर ठेवला.

"चार्ज करा. अन् माझ्यासमोर बंद करा."

"कशाला?"

"करा तर खरं."

आप्पांनी बॅटरी चार्ज केली, रिमोट सुरू केला आणि बटण खाली ओढलं. पडदा काळा झाला. बाईंनी तो स्वतः उचलून कपाटात ठेवला. सकाळी काढून बघितला तर मेलेला.

"बघितलं?" त्या म्हणाल्या. "तुमी विसरला न्हाईत. बंद केलेलं मी ह्या डोळ्यानं बघितलंय."

"मग बॅटरी म्हातारी झाली असंल."

"असंल. न्हाईतर रिमोट खात असंल. वट्ट्यावर पाणी सांडलं तर घागर गळायलीय का नळ, ते आधी बघतेच की मी. बॅटरी बाहेर काढून ठिवा. दोन दिवस हात लावू नका."

दुकानासमोर सिद्धोधन मोटारपंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचा. मोजायला मीटर त्याच्याकडे होतं. सोमवारी बॅटरी पूर्ण भरून त्याच्याकडं नेली: दहा पॉइंट आठ व्होल्ट. मग ती कागदात गुंडाळून वैजयंतीबाईंनी फडताळात ठेवली. बुधवारी दोघंही रिमोट सोबत घेऊन गेली आणि बॅटरी पुन्हा मोजली.

"दहा पॉइंट सहा," सिद्धोधन म्हणाला. "आप्पा, बॅटरी ठणठणीत हाय. खाणारा रिमोटच."

त्यानं हातातला स्टार्टर बाजूला सारला. बॅटरी आणि रिमोटच्या मधे मीटर जोडलं. बटण बंद. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो चांगला शंभराच्या वर जाऊन थांबला.

"शंभर मिलीअँपिअर, ते पण बंद असताना. रातभरात बॅटरी संपंल न्हाईतर काय!"

मागचे चार स्क्रू काढून त्यानं झाकण उचललं आणि तिघंही वाकली. बंद रिमोटच्या पोटात एक बारका तांबडा दिवा जळत होता. बाहेरून कधीच दिसला नसता.

तो दिवा दिवाळीत बसवलेल्या नव्या यंत्राचा होता. जुन्या रिमोटचा पल्ला कमी पडतो म्हणून महारुद्रनं ते हौसेनं आत बसवून दिलं होतं. इंजिनिअर पोराच्या कामावर शंका घ्यावी, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सिद्धोधननं नखानं लाल वायर दाखवली. ती बटणातून न जाता सरळ बॅटरीला जोडलेली होती. बटण बंद करा की चालू करा, ते यंत्र आपलं चालूच.

त्यानं वायर सोडवली, बटणाच्या पलीकडच्या बाजूला कथलाचा डाग देऊन जोडली आणि पुन्हा मीटर लावलं. बटण बंद. काटा शून्यावर. आतला दिवा विझलेला.

आप्पा तिथल्या स्टुलावर बसले. त्यांना एकदम लय थकल्यासारखं वाटलं आणि हलकंही. "सिद्धोधन," ते म्हणाले, "तू रिमोट दुरुस्त केलास असं तुला वाटंल. तसं न्हाई बाबा."

सिद्धोधनला सगळं कळलं असावं. त्यानं नुसता चहा सांगितला.

संध्याकाळी महारुद्रला फोन लावला. सगळं ऐकून तो ओशाळला. "मामा, तपासायला म्हणून थेट जोडली होती. निघायची घाई होती, तशीच राहिली. सपशेल विसरलो मी."

"तू विसरलास ना?" आप्पा हसायला लागले, अन् हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "लय बरं झालं रे. लय बरं झालं." पलीकडे भाच्याला काही कळेना.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात पुन्हा एकटे बसू लागले. कुलूप एकदाच ओढून बघू लागले. दुधाचं भांडं त्यानंतर अजून एकदा करपलं. पण बाई म्हणाल्या, तसं तर माझ्या हातूनही करपतं.

पंख चिकटवून वाळल्यावर येणाऱ्या रविवारी आप्पा वैजयंतीबाईंना माळावर घेऊन गेले. एवढ्या दिवसांत त्या कधी आल्या नव्हत्या. विमान वर गेलं, उन्हात चमकलं, आणि त्या कपाळाशी आडवा हात धरून बघत राहिल्या.

"मला वेड लागायलंय असं वाटत होतं," आप्पा विमानाकडं बघतच म्हणाले. "तू बसून बघितलंस म्हणून. न्हाईतर मी मानूनच बसलो होतो."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण असं काही ते पहिल्यांदाच बोलत होते.

"समोर बघा," त्या म्हणाल्या, "खाली यायलंय ते."

विमान शेजारच्या हरभऱ्यात उतरलं होतं. धड, सरळ, पोटावर. दोघं बांधावरून ते आणायला निघाली.