कानावरचं बटण आणि बाबांचं गाऱ्हाणं

मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. दिवसभर लोकांचं ‘आपोआप बंद पडलेलं’ काहीतरी सुरू करून देतो. आपोआप काही होत नसतं, हे माझं ठाम मत. घरात देवचाराच्या, गावच्या त्या राखणदार भुताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय...

मुलुंड पूर्व, तिसरा मजला. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशीची दुपार. आम्ही मूळचे मालवणकडचे. पूजा झाली की घरातला मोठा पुरुष देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्याकडे ते बाबा घालायचे. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आजारपणात त्यांनी एकट्याने बसून ते माझ्यासाठी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आधीच्या गणपतीत माझ्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. म्हणून या वेळी काका फोनवर म्हणाले, “जमत नसेल तर रेकॉर्डिंगच लाव रे, काय बिघडतं?”

डोकं सणकलं. घरात माणूस असताना मोबाईल गाऱ्हाणं घालणार? ठरवलं, संध्याकाळपर्यंत पाठ करायचंच.

समोरच्या रिडेव्हलपमेंटच्या ड्रिलने कान किटले होते, म्हणून नवे वायरलेस हेडफोन चढवले. लॅपटॉपवर ऐकायचं, कानावरचं बटण दाबून थांबवायचं, टाईप करायचं. पण बटण चालेना. मोबाईलला चालायचं, लॅपटॉपला नाही. पेअरिंग काढून पुन्हा केलं, ड्रायव्हर अपडेट केला, मीटिंगचं ॲप बंद केलं, रीस्टार्ट मारला. ढिम्म.

वैतागून तसंच लावलं. “बा देवा म्हाराजा, लेकरांची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा...” — आणि ऑडिओ पॉज. मी हात लावला नव्हता. स्पेसबार दाबला, क्षणभर चालू, पुन्हा पॉज. चार वेळा असंच. मग सवयीने तोंडातून गेलं, “व्हय म्हाराजा.”

सुरू झालं.

पुढच्या वाक्याला तेच. माइकमुळे असेल म्हणून माइक बंद केला, तरी तेच. नुसतं पुटपुटलो तर हलेना. बाबांनाही पुटपुटलेलं चालायचं नाही, मोठ्याने म्हणेपर्यंत ते अडून राहायचे.

मीही त्यांचाच मुलगा. चौथ्या वाक्याला तोंड मिटून बसलो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. सहा मिनिटं गेली... आणि ऑडिओ चालू झाला.

हेडफोन काढून वळलो. दारात आई, हाताला खोबरं लागलेलं.

“आई, आत्ता काही बोललीस?”

“व्हय म्हाराजा म्हटलंय,” ती म्हणाली. “बाबा कवाचे थांबलेत. कोणीतरी म्हणाक नको?”

आवाज फक्त माझ्या कानात होता. मी रडलो, अगदी हुंदके देऊन. उरलेली वाक्यं आम्ही दोघांनी मिळून पुरी केली.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं मीच घातलं, न अडखळता. सगळ्यात मोठा ‘व्हय म्हाराजा’ दर्शनाला आलेल्या काकांचा होता.

नंतर ती फाईल मी मोबाईलवर, ऑफिसच्या मशीनवर, सगळीकडे लावून पाहिली. सलग वाजते. बटण लॅपटॉपला अजूनही चालत नाही. आईला कसं कळलं विचारलं, तर म्हणते, “तुका नाय कळला?”

यंदाही आदल्या दिवशी लॅपटॉपवर फाईल लावली. एकदाही थांबली नाही. तरी प्रत्येक वाक्याला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, मोठ्याने.