बर्फाचे टायर

गाडी दुकानासमोर उभी राहिली की तो माणसाकडे बघायचाच नाही. आधी उकिडवा बसायचा, हाताची मागची बाजू एकेका टायरला लावत पुढे सरकायचा आणि चौथ्या टायरपाशी गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणायचा, "गरम आहेत. आधी थंड होऊ द्या." मग तुम्ही कितीही घाईत असा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहणं आलं. तोवर तो हवेच्या नळीला हात लावत नसे.

आखातात ज्यांनी चार वर्षं काढली आहेत त्यांच्या माहितीत असा एखादा चाचा असतोच. आमचा चाचा दुबईच्या देरा भागातल्या एका टायरच्या दुकानात होता. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठा असेल, पण त्याच्याहून वयाने मोठे टॅक्सीवालेसुद्धा त्याला चाचाच म्हणत. ठेंगणा, डोक्यावर विणलेली टोपी, आणि वरच्या खिशात हवा मोजायचा पितळी गेज. पेन लावावं तसा तो गेज लावलेला असायचा.

पहिल्यांदा त्याने मला बसवून ठेवलं तेव्हा मी तोंडातल्या तोंडात "च्यायला" म्हणालो. तो वळून हसला.

"पुण्याचे काय, साहेब?"

"कसं ओळखलंत?"

"आमच्या कोकणात हीच शिवी मोठ्याने देतात."

तेव्हापासून आमचं जमलं. दुकानाचा मालक, बाकीचे कारागीर, गिऱ्हाइकं सगळ्यांशी हिंदीत चालायचं. माझ्याशी मात्र मराठीत. मीही हवा भरायच्या निमित्ताने थांबायला लागलो. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. राहायला दुबईत, पण रास अल खैमाच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचे आणि त्यांच्यावर सही करायची हे माझं काम. त्यामुळे हवेच्या दाबाबद्दल मला टायरवाल्याने काही शिकवावं हे मला मनातून पटत नसे. चाचाला ते कळत होतं. तो वाद घालायचा नाही, फक्त चहा मागवायचा.

एकदा एक अरब गिऱ्हाईक भली मोठी गाडी घेऊन आलं. "यल्ला, यल्ला" करत घड्याळ दाखवत होतं. चाचा "फाइव्ह मिनिट, हबीबी" म्हणाला आणि त्याच्यासमोर खुर्ची ठेवली. ती पाच मिनिटं चाळीस मिनिटं चालली. शेवटी तो माणूस चाचाबरोबर खजूर खात बसलेला मी पाहिला. दुसऱ्या एका दिवशी दोन ड्रायव्हर पार्किंगवरून गळपट्टी धरायच्या बेतात होते. चाचाने दोन खुर्च्या आणल्या, मधे तीन हातांचं अंतर ठेवलं आणि दोघांना बसवून ठेवलं. टायर असो की माणूस, त्याच्याकडे औषध एकच.

तो एकोणीस वर्षं तिथे होता. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. बायकोने दुबई कधी पाहिली नव्हती. "तुम्ही कुठे असता ते एकदा बघू तर द्या," असं ती म्हणायची म्हणे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या सुमाराला, मालक तिला महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा काढून द्यायला तयार झाला. चाचाने नोव्हेंबर धरला होता. "थंड झाल्यावर आणतो," तो म्हणाला. शारजात एका मित्राची खोलीही बोलून ठेवली होती. इंग्रजी फॉर्म मी भरून दिला. तो शेजारी शाळेतल्यासारखा ताठ बसला होता.

"येण्याचं कारण?" मी विचारलं.

"नवऱ्याला भेटायला," तो म्हणाला आणि लाजला. "नको नको. दुबई बघायला, असं लिहा."

मी तसंच लिहिलं.

आता माझ्या गाडीबद्दल. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. जर्मनीहून जहाजाने आलेली. मला ती आवडली तिच्या टायरांमुळे. खोल, दाट खाचा, जवळजवळ नवे टायर. चोख सौदा केला म्हणून मी घरी फुशारकी मारली. दुसऱ्या दिवशी चाचाकडे नेली. त्याने नेहमीप्रमाणे हात लावला, मग नख लावून रबर दाबलं आणि टायरच्या अंगावरचं एक छोटं चिन्ह मला दाखवलं. डोंगर, आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी.

"साहेब, हे बर्फाचे टायर. तिकडे थंडीत घालतात. रबर मऊ असतं. आपला रस्ता जुलैत तव्यासारखा तापतो. काढून टाका."

"अहो, खाचा बघा किती आहेत!"

"खाचा बर्फासाठी आहेत."

मी म्हणालो, नोव्हेंबरात बदलू. दिवाळीला. नव्यासारखे टायर फेकून द्यायचे हे माझ्या पुणेरी जिवाला झेपत नव्हतं. शिवाय मला एक तोड सुचली होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तेव्हा टायर प्रेशर सेन्सर नवेनवे आले होते. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवून बसवायच्या चार टोप्या, आणि डॅशबोर्डवर एक डबी. हवा कमी-जास्त झाली की डबी वाजणार. मी तो सेट घेतला आणि जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी चाचाकडे बसवायला नेला.

त्याने चारही टायरांत तीस हवा भरली, टोप्या बसवल्या, आणि डबीकडे बघत विचारलं, "ही वाजली की माणसाने काय करायचं?"

"हवा नीट करायची."

"गरम टायरची?" त्याने मान हलवली. "नाही, साहेब. पळताना हवा वाढतेच, तिला वाढू द्यायची. गरम असताना काढली तर खरी हवा कमी पडते. मग टायर जास्त तापतो, आणि हा तर मऊ. वाजली तरी हात लावू नका. सावलीत उभी करा, थंड होऊ द्या."

मी हो म्हणालो. हे सगळं मलाही माहीत होतं, पाठ्यपुस्तकातलं होतं. पण माहीत असणं आणि कानाशी डबी किंचाळत असणं यात फरक असतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी रास अल खैमाला निघालो. एका सहकाऱ्याकडे जेवण होतं. शारजा मागे पडलं आणि डबी वाजायला लागली. एक टायर, मग दुसरा, मग चारही. "बाबा, इट्स बीपिंग अगेन," मुलगी दर मिनिटाला सांगत होती. बायको म्हणाली, बंद करा ना ते. पण तो सेट मी घेतला होता, त्याची मर्यादा मी ठरवली होती, आणि ती ओलांडली जात होती. पेट्रोल पंप दिसला तशी गाडी आत घातली. त्या दोघी पाणी आणि ताक घ्यायला दुकानात गेल्या. मी डिकीतून कारखान्यातला माझा गेज काढला आणि चारही टायरांची हवा सोडली. अगदी मोजून, एकसारखी, डबी गप्प होईपर्यंत, आणि मग सुरक्षित म्हणून आणखी थोडी. त्या दोघी परत आल्या तेव्हा मी हात पुसत होतो.

अर्ध्या तासाने मागचा डावा टायर फुटला. गाडी दोनदा फिरली आणि वाळूत जाऊन कलली. मुलीला खरचटलंही नाही. बायकोचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

हॉस्पिटलात माझा मेहुणा धावत आला. तो देऱ्यातच एका ट्रेडिंग ऑफिसात होता, आणि डोक्याने तापट. "झालं कसं?" त्याने विचारलं. बायको पलंगावर, हात प्लास्टरमध्ये. मी म्हणालो, "कालच त्या टायरवाल्याकडे हवा भरली होती." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. उरलेलं मेहुण्याने स्वतःच जुळवलं आणि मी त्याला जुळवू दिलं. भित्र्या माणसाला खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. निदान तोपर्यंत तरी पडली नव्हती.

शनिवारी सकाळी मी, बायको आणि मेहुणा दुकानावर गेलो. गाडी ओढून तिथेच आणून टाकली होती. मेहुण्याने मालकासमोर आरडाओरडा केला. पोलिसात जाईन, दुकानाचं नाव खराब करीन. मालकाने चाचाला बोलावलं. चाचाने आधी माझ्या बायकोचं प्लास्टर पाहिलं आणि "या अल्ला" म्हणाला. मग फुटलेल्या टायरपाशी बसला. आतल्या बाजूला रबर गोल कडं धरून घासलं गेलं होतं, त्यावरून त्याने बोट फिरवलं. खिशातला गेज काढून उरलेल्या तीन चाकांची हवा मोजली. गाडी कालपासून सावलीत होती, टायर गार होते.

"बावीस," तो म्हणाला. दुसरा. "बावीस." तिसऱ्यापाशी तो जरा थांबला. "बावीस."

"देखो!" मालक ओरडला. "तीस का जगह बाईस भरा है! क्या किया तुम, चाचा?"

तुम्हीच सांगा, हवा गळते तेव्हा इतकी शिस्तीत गळते का? एकात चोवीस, एकात अठरा, असं काहीतरी होतं. तीन चाकांत नेमका एकच आकडा म्हणजे कोणीतरी हातात गेज धरून ती काढली होती, आणि तिथल्या माणसांत चाचाखेरीज असं मोजून काम करणारा मीच होतो. ते मालकाला कळलं नाही, मेहुण्याला कळलं नाही. चाचाला कळलं. तो उभा राहिला आणि मराठीत, मालकाला कळू नये अशा बेताने, अगदी हळू म्हणाला, "साहेब, वाटेत कुठे हवा काढली होती का?"

किती सोपं करून दिलं होतं त्याने. हो म्हणायचं, मेहुण्याचे दोन शब्द ऐकायचे, बायकोची माफी मागायची. माझी नोकरी जाणार नव्हती, व्हिसा जाणार नव्हता. फक्त गेजवर सह्या करणाऱ्या माणसाची थोडी शोभा झाली असती.

"नाही," मी म्हणालो.

चाचाने गेज खिशात परत लावला. मालकाकडे वळून म्हणाला, "हो गया होगा मेरे से."

"खलास," मालक म्हणाला. म्हणजे नोकरी संपली; व्हिसा रद्द होईपर्यंतच चाचा आता तिथे राहणार होता.

भरपाई म्हणून मालकाने चार नवे टायर द्यायचं कबूल केलं. पत्र्याचं काम होऊन गाडी परत आली तेव्हा ते बसवले चाचानेच. मी समोर उभा होतो. नट आवळताना तो एकेक सोडून समोरासमोरचे आवळायचा, तसेच आवळले, मग पुन्हा एकदा तपासले. बर्फाचे टायर भिंतीला लावून ठेवले.

"चाचा," मी कसाबसा म्हणालो, "मी मालकांशी..."

"आत्ता नको, साहेब," तो म्हणाला. "आत्ता ते तापलेत. आधी थंड होऊ द्या. आठ दिवसांनी बोला. माझा व्हिसा अजून पंधरा दिवस कॅन्सल होत नाही." मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, "वहिनींना सांगा, आता बिनधास्त बसा."

म्हणजे त्याचा अजून माझ्यावर विश्वास होता. माझी लाज राखून सत्य सांगायला त्याने मला पंधरा दिवस काढून दिले होते.

मी गेलो नाही. दोनदा निघालो. एकदा त्यांच्या गल्लीच्या सिग्नलपर्यंत गेलो, दिवा हिरवा झाला आणि सरळ पुढे निघून गेलो. एकदा ऑफिसात मीटिंग निघाली. ती टाळता आली असती. विसाव्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा हवेच्या नळीपाशी नवा माणूस होता. त्याने गाडी थांबताच गरम टायरांत हवा भरून दिली. मला दोन मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही.

नोव्हेंबरात कोणी आलं नाही. फॉर्म मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहिला असेल, किंवा फाडला गेला असेल. भरपाईच्या त्या टायरांवर मी तीन वर्षं गाडी चालवली. एकदाही पंक्चर झालं नाही.

पुढे आम्ही पुण्याला परत आलो. मुलगी मोठी झाली, बाहेरगावी गेली. एका दुपारी बायको मेथी निवडत होती. पावसाळी हवेत तिचा तो हात अजून दुखतो. ती निवडता निवडता मनगट चोळत होती. मला एकदम राहवेना. म्हणालो, "त्या दिवशी पंपावर हवा मी काढली होती."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे मला. दुकानाच्या काचेतून दिसत होतात. चारही चाकांपाशी बसलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. मग तुम्ही नाही म्हणालात. भावासमोर तुम्हाला खोटं कसं पाडायचं?" ती थोडा वेळ काड्या मोडत राहिली. "आणि खरं सांगू का? त्याने प्रश्न तुम्हाला विचारला, पण बघत माझ्याकडे होता. मी खाली बघितलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याला मी एकट्याने बुडवलं. तेवढाही मोठेपणा माझ्या वाट्याला यायचा नव्हता.

"जाऊन येऊ या का?" शेवटी ती म्हणाली. "गाव माहीत आहे ना?"

गाव माहीत आहे. फॉर्मवर मीच लिहिलं होतं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे पाच तास लागतात, रस्ता चांगला आहे असं म्हणतात. ती मेथीची दुपार होऊन आता चार वर्षं झाली. दर दिवाळीला आमचं ठरतं, आणि आम्ही अजून गेलेलो नाही.