माझंही ओळखपत्र बघा: लुंबिनीच्या वाटेवर

आईला जन्मात एकदा लुंबिनी बघायची होती. मी केदारखेड्याला शाळेत शिकवते, दोन्ही पायांत कॅलिपर, हातात कुबड्या. या सुट्टीत म्हटलं, चल, मी नेते.

जालन्याहून रेल्वेने मनमाड, तिथून गोरखपूर. खालचा बर्थ आधीच आरक्षित करा. अपंगांच्या डब्यावर विसंबू नका, तिथे धडधाकट माणसं पाय पसरून झोपलेली असतात! गोरखपूरहून सीमेपर्यंत भाड्याच्या गाडीने तीनेक तास. चालक सारखा म्हणायचा, "मॅडम, आप बैठे रहिए." का बसून राहू? आयुष्यातला पहिला परदेश, सीमेवरची ती कमान मला चालतच ओलांडायची होती.

ट्रकांच्या मधून, धुळीतून निघाले. मतदार ओळखपत्र गळ्यातल्या पाकिटात तयार होतं. तेवढ्यात पुढे गेलेली आई कार्डं तपासणाऱ्या जवानाला म्हणाली, "साहब, लडकी अपंग है, जल्दी जाने दो." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ले जाओ, माताजी."

ले जाओ! बाकी सगळ्यांची कार्डं तो उलटसुलट करून बघत होता. चार पावलं गेले आणि माझं डोकं फिरलं. मागे वळले. "मेरा कार्ड देखिए."

"जरूरत नहीं, मॅडम."

"सबका देखा ना?"

रांगेत कुरकुर सुरू झाली. आईने माझी ओढणी ओढली. "कशाला तमाशा करून राह्यली? सोडून राह्यले ना साहेब!"

"सोडायला मी काय ढोर हाय का?"

शेवटी त्याने कार्ड घेतलं, फोटो बघितला, मग मला बघितलं. "कहाँ जाना है?"

"लुंबिनी. माँ को ले जा रही हूँ."

पलीकडे चहा पिताना आई म्हणाली, "तुला शाळेत घेत न्हवते तवा बी 'पोरगी अपंग हाय, घ्या तिला' असंच बोलल्ते मी. मंग तवा बी चुकलं का माझं?" राग उतरला नाही, पण तो तिच्यावर काढायचा नव्हता एवढं कळलं.

लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात बूट काढावे लागतात. बुटाला जोडलेला कॅलिपर असेल तर वेळ हाताशी ठेवा. आई आत डोळे पुसत उभी होती. तेवढ्यासाठी हा सगळा खर्च वसूल.

परतताना जालन्याहून घरी यायला एसटी धरली. कंडक्टरने माझ्या कुबड्या बघितल्या आणि आईला विचारलं, "मावशी, ह्यांचा पास?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "मला काय विचारून राह्यले? तिला विचारा की."

मी पास काढला. रडू येत होतं, आणि कंडक्टरवर इतकी रागावलेली असताना रडणं मला बिलकुल मान्य नाही.